डाव्या कुशीतली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पण मला भंगार म्हणणाऱ्याच्या तोंडावर मी धूर सोडते, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या पोटात आख्खं घर आहे. दोन पलंग, ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात संडास. हसू नका. त्या संडासाचीच ही गोष्ट आहे.

तशी मी शिकलेली नाही. बारा वर्षं रोज शाळेत गेले, पण फाटकाबाहेरच उभी राहिले; अक्षर येणार कुठून? तेव्हा माझा रंग पिवळा होता आणि नाशिकच्या एका शाळेच्या मुलांची मी ने-आण करत होते. त्यांनी माझ्या सीटा कुरतडल्या, खिडक्यांना च्युइंगगम चिकटवलं, आणि उतरताना एकानंही कधी मागं वळून पाहिलं नाही. मग शाळेनं नवी बस घेतली आणि मला कुंपणाला लावलं. तिथून मला निवृत्तीनं उचललं.

निवृत्तीचं नाशकात द्वारका चौकाजवळ वेल्डिंगचं दुकान आहे आणि घर सायखेड्याला, नदीकाठच्या मळ्यात. त्यानं मला हौसेनं घेतलं नाही, आईसाठी घेतलं. त्याची आई सिंधुबाई. तिचे गुडघे वाकत नाहीत आणि साखरेच्या दुखण्यामुळं तिला दर तासाला उठावं लागतं. एसटी तासातासाला कोण थांबवणार? पेट्रोलपंपावरच्या संडासाला कुलूप, आणि उघडा सापडलाच तर बसायचं खाली. एकदा लग्नाला जाताना तिनं पहाटेपासून पाण्याचा घोट घेतला नाही आणि भर मांडवात भोवळ येऊन पडली. "पुरुषांचं काय, झाड दिसलं की झालं," एवढं बोलली आणि त्या दिवसापासून तिनं प्रवास सोडला. नऊ वर्षं. तिची थोरली बहीण वत्सलाबाई अंबाजोगाईला असते. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा, त्यामुळं तिला निघता येत नाही. दोघी बहिणी नऊ वर्षं फोनवरच भांडत होत्या.

निवृत्ती सहा महिने माझ्यावर राबला. बाकं काढली, पलंग बसवले, छतावर सोलरचा पत्रा लावला, आरटीओत कागद बदलून घेतले. आणि माझ्या डाव्या कुशीला बाहेरून उघडणारं एक लहान दार केलं. त्यात चाकं लावलेली एक पेटी. संडासातलं सगळं त्या पेटीत जमतं. भरली की ओढायची, घरच्या संडासात रिकामी करायची, धुवायची, परत आत सरकवायची. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांनी माझा जीव घेतला असता.

पहिल्यांदा आम्ही त्र्यंबकेश्वराला गेलो. घरचे सगळे होते. गाडीतळावर बाया रांग लावून आत डोकावत होत्या. सिंधुबाई खिडकीत राणीसारखी बसून सांगत होती, "नळाला पाणी येतं. वर पंखा. सगळं आमच्या निवृत्तीनं केलंय." मित्रांनो, इतकं कौतुक माझं शाळेत कधी झालं नव्हतं. माझे चारही टायर फुगले.

घरी आलो आणि पेटी तशीच राहिली. निवृत्तीला दुकानात गिऱ्हाईक होतं. सून म्हणाली, माझे स्वयंपाकाचे हात. सिंधुबाई म्हणाली, "मी या वयात?" दिवस चैत्राचे. चौथ्या दिवशी माशा मला ओळखू लागल्या.

मग मला द्वारकेजवळच्या धुलाई सेंटरवर नेलं. तिथला बारकू कामाला वाघ. चाकाखाली झोपून तो चिखल खरवडत होता, तेवढ्यात निवृत्तीनं हळूच पेटीकडं बोट दाखवलं. बारकू उठून बसला.

"दादा, हे नाही करणार."

खिडकीतून सिंधुबाईचा आवाज आला, "का रे? धुवायचंच काम हाय ना तुझं?"

"गाडी म्हणाल तेवढी धुतो, मावशी. पण हे नाही. माझ्या बापानं जन्मभर लोकांचं हेच काढलं. मी त्याला शब्द दिलाय."

"मग काय मी काढू?"

"तुमचंच आहे ना, मावशी," बारकू म्हणाला. आवाज चढवला नाही, की खाली मान घातली नाही. पाण्याचा पाइप उचलला आणि पुढचं चाक धुवायला लागला.

सिंधुबाईनं खिडकीची काच लावून घेतली. घरी आल्यावर निवृत्तीनं मला पेटीसकट कांद्याच्या चाळीमागं उभी केली आणि दाराला कुलूप लावलं.

आठ महिने, मित्रांनो. गाडी उभी ठेवली म्हणजे जपली, असं तुम्हाला वाटतं ना? चूक. बॅटरी उतरली. उंदरांनी दोन वायरी खाल्ल्या. खिडकीचं रबर वाळलं आणि पावसाचं पाणी गादीत मुरलं. एका कोंबडीनं मागच्या खिडकीच्या फटीतून शिरून भांडी घासायच्या जागी अंडी घातली. तेवढीच काय ती माझी विचारपूस. माझ्यासारखीला पंधरा दिवसांतून एकदा तरी चालू करा, चार पावलं पुढंमागं न्या, उन्हं असतील तेव्हा खिडक्या उघडा. काही मागत नाही हो आम्ही, नुसती जाग ठेवा.

दिवाळी झाली आणि वत्सलाबाईचा फोन आला. एक डोळा कधीचा गेला होता, आता दुसराही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "सिंधे, दिसतंय तोवर ये गं," ती म्हणाली. "मागून आलीस तर नुसता आवाज येईल. आवाज तर रोजच ऐकते."

त्याच आठवड्यात एक माणूस मला विकत घ्यायचं म्हणून बघायला आला. त्याला चायनीजची गाडी टाकायची होती. पलंग, संडास, सगळं उपटून टाकू म्हणाला. निवृत्तीनं मान डोलावली, "रविवारी घेऊन जा."

शनिवारी सकाळी काठीचा आवाज आला. सिंधुबाई चाळीमागं आली, तोंडाला पदर बांधला आणि माझ्या डाव्या कुशीचं दार उघडलं. पेटी ओढताना तिच्या दंडाच्या शिरा ताणल्या. मागून नात वेदिका पळत आली. गाडी तीच चालवते, आणि निवृत्तीपेक्षा बरी चालवते.

"आजी, तू नको! मी करते."

"तू करशील, माहितीय. म्हणून तर आधी मी."

स्टुलावर बसून, अर्धी अर्धी बादली करत, तिनं पेटी रिकामी केली. तीन पाण्यांनी धुतली. निवृत्ती चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि तिथंच थबकला.

"आई! अगं लोक बघतायत!"

"बघू दे. असली गाडी त्यांच्याकडं नाय, म्हणून बघत्यात." तिनं हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. "त्या बारकूचा मला लय राग आला होता. नाय म्हणाला म्हणून नाय. तुमचंच हाय म्हणाला म्हणून. अन् तो माणूस रविवारी आला तर सांग, गाडी गावाला गेली."

त्या क्षणी माझ्या बॅटरीत जीव असता तर मी हॉर्न वाजवला असता.

बॅटरी आली, वायरी जोडल्या, आणि आम्ही आधी गेलो बारकूकडं. सिंधुबाईनं पेटीचं दार स्वतः उघडून दाखवलं.

"बघ. आता गाडी धू."

बारकूनं वाकून पाहिलं. "मावशी, हिच्यात पाणी भरून प्यावं असं वाटतंय!"

"पी की मग. तुझ्यापासून सुरुवात."

दोघं खळखळून हसले. मग त्याच बारकूनं आमचा जीव वाचवला. टायर धुताना त्यानं वेदिकाला कडेचे चार आकडे दाखवले: पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, मागचे दोन म्हणजे कितवं साल. "ताई, नक्षी छान आहे, पण रबर आठ वर्षांचं झालंय. ह्या भेगा बघा. एवढं वजन घेऊन लांब जाऊ नका." नवे टायर घातले. तुम्हीही नक्षीवर भाळू नका, आकडे वाचा. वाचता येत नसेल तर माझ्यासारखं विचारा.

निघायच्या दिवशी मोठा तमाशा झाला. बहिणीकडं रिकाम्या हातानं कसं जायचं? सिंधुबाईनं कांद्याची गोणी वरच्या फळीवर चढवायला लावली. वेदिकानं ती उतरवून चाकांच्या मध्ये, तळाला ठेवली. "आजी, वर ओझं असलं की वळणावर गाडी कलते." मग थंडी लागते म्हणून आजीबाईंनी जमिनीलगतची जाळी गोणपाटानं बुजवली. तेही वेदिकानं काढलं. "गॅस गळला तर खाली बसतो आजी, त्याला जायला ही वाट आहे." निघण्याआधी सिलिंडर बंद, कपाटांना खटके, टाकीत पाणी लागेल तेवढंच. आणि स्टिअरिंगपाशी एक चिठ्ठी: उंची दहा फूट. म्हणजे कमान दिसली की आधी चिठ्ठी बघायची, मग कमानीखाली शिरायचं. आजी म्हणाली, "नवरीसुद्धा एवढी जपत नाय कुणी." म्हणाली, पण स्टीलचे डबे वाजू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये स्वतःच्या जुन्या साड्या तिनंच कोंबल्या.

शिर्डी मागं टाकली, नगर मागं टाकलं. बीडच्या अलीकडं सिंधुबाईनं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली. सगळा तांब्या. भर प्रवासात. निवृत्ती तिच्याकडं बघत राहिला, आणि मग खिडकीबाहेर बघायला लागला. पुढं चहाला थांबलो तेव्हा तो कुणाला काही न सांगता खाली उतरला, हॉटेलवाल्याला विचारलं आणि पेटी ओढून त्यांच्या संडासाकडं घेऊन गेला. पहिल्यांदाच होतं, त्यामुळं नाक मुरडलं होतं. पण गेला.

मांजरसुंब्याचा घाट मी दुसऱ्या गिअरवर धापा टाकत चढले आणि पुढच्या उतारांवरही वेदिकानं मला गिअर खाली ठेवूनच उतरवलं. ब्रेकवर पाय दाबून ठेवला की ब्रेक तापतात आणि ऐनवेळी दगा देतात, हे लक्षात ठेवा.

अंबाजोगाईला पोचलो तेव्हा दुपार कलत होती. वत्सलाबाई पायरीवर बसली होती. सिंधुबाई काठी टेकत तिच्यापाशी गेली. वत्सलाबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, चांगल्या डोळ्याजवळ ओढलं आणि निरखून पाहिलं.

"लय म्हातारी झालीस गं सिंधे."

"दिसतंय की तुला!" सिंधुबाई म्हणाली, आणि मग दोघींना हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

सकाळी निवृत्तीनं पेटी ओढली. शेजारचे एक गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, "अहो पाव्हणं, कुणाला बोलावू का त्याला?"

"कशाला?" निवृत्ती म्हणाला. "आमचंच आहे."

सिंधुबाई पायरीवर चहा पीत बसली होती. तिनं दुसरा कप भरला आणि लेकासाठी झाकून ठेवला.

आता दर दोन महिन्यांनी आम्ही अंबाजोगाईला जातो. वत्सलाबाईला आता दिसत नाही. पण मी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दिला की ती उठते आणि चहाचं आधण ठेवायला लावते. मला ओळखून उठणारं माणूस मिळालं, ही काय लहान गोष्ट आहे? मी सिंधुबाईची ऋणी आहे, आणि बारकूची तिच्याहून कणभर जास्त.

मित्रांनो, तुमचं जे असेल ते तुम्ही काढा, धुवा आणि जागेवर ठेवा. आणि शाळेच्या बसमधून उतरताना एकदा मागं वळून बघत जा. आम्ही फाटकाबाहेर उभ्याच असतो.