काडीवरची खालची रेघ

लास क्रुसेसच्या दवाखान्यातला वायरलेस खरखरला तेव्हा सकाळचे दहा वीस झाले होते. निरोप वरच्या आग्वा ब्लांका गावचा होता. अन्सेल्मोच्या पाच वर्षांच्या मुलीला, यारेलीला, विंचू चावला होता. सरपणाच्या ढिगातून काटक्या ओढताना, हाताच्या अंगठ्याला. अर्धा तास होऊन गेला होता, पोरगी घशात केस अडकल्यासारखी खाकरत होती आणि तोंडातून लाळ गळायला लागली होती. वर प्रतिविषाची एकही कुपी उरली नव्हती.

ओफेलियाने फार काही विचारलं नाही. दुरांगोच्या या डोंगरात अकरा वर्षं नर्स म्हणून काढल्यावर, लाळ गळते म्हणजे काय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. इथला पिवळट विंचू मोठ्या माणसाला दिवसभर तळमळत ठेवतो. लहान मुलाचा तो श्वासच कोंडतो. तिने कपाटातून चार कुप्या, सुया आणि सलाइन काढलं, पिशवीत भरलं आणि पिशवी छातीशी घट्ट बांधली. गाडी जाण्याचा प्रश्नच नव्हता. परवा तेराव्या किलोमीटरला दरड कोसळली होती आणि तिथून खेचर नाहीतर मोटरसायकल एवढंच पलीकडे जात होतं. मोटरसायकल दवाखान्याची होती, दीडशे सीसीची, चेपलेल्या टाकीची.

ती किक मारतेय तोवर अन्सेल्मो दारात उभा. तो लाकूड वाहणारा ट्रक चालवायचा. दरडीमुळे त्याचा ट्रक या बाजूलाच अडकला होता आणि दोन रात्री तो ट्रकमध्येच झोपत होता. बातमी त्याच्यापर्यंत कुणी पोचवली कोण जाणे. तोंड न धुतलेलं, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी मागे बसतो, एवढंच तो म्हणाला. चढावर दोन माणसांचं ओझं तिला नको होतं, पण दरडीवर गाडी उचलून न्यायला दुसरे दोन हात लागणारच होते. तिने मान हलवली.

पहिले तेरा किलोमीटर बरे गेले. दरडीपाशी दोघं उतरले. एकाने हँडल धरलं, दुसऱ्याने मागून रेटलं आणि दगडांच्या राशीवरून गाडी ढकलत नेली. मध्यावर मागचं चाक घसरलं आणि गाडीचं पोट एका धारदार दगडावर आपटलं. लोखंड दगडाला घासल्याचा आवाज दोघांनी ऐकला. थांबून बघायला कुणाला सवड होती? पलीकडे उतरताच ओफेलियाने किक मारली, इंजिन लागलं आणि ते निघाले.

पुढे वीस किलोमीटरचा चढ होता. चारेक किलोमीटर झाले असतील, इंजिनाचा आवाज बदलला. त्याच्या वरच्या भागातून, कुणी डब्यात खडे हलवावेत तशी खडखड यायला लागली, आधी बारीक आणि मग चढावर जोर लावला की ठळक. डाव्या नडगीला रोजच्यापेक्षा जास्त धग लागत होती. ओफेलियाने खाली पाहिलं. बुटावर काळपट, चकचकीत ओघळ होता.

तिने वेग कमी केला.

"काय झालं?" अन्सेल्मो मागून ओरडला.

"ऑइल गळतंय."

"गळू दे. पोचेपर्यंत टिकेल. माझा ट्रक गळत गळत दोन वर्षं चाललाय."

तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर अशीच खडखड तिने कानाआड केली होती. त्या दिवशी सकाळी तिने ऑइल बघितलंही होतं. गाडी स्टँडवर तिरकी उभी असतानाच ऑइल मोजायची काडी काढून बघितली, काडीने खोटीच पातळी दाखवली आणि ठीक आहे म्हणून ती निघाली. चढावर इंजिन जाम झालं. भर उन्हात अकरा किलोमीटर ती लसींची पेटी डोक्यावर घेऊन चालली आणि पोचेपर्यंत पेटीतला बर्फ वितळून लसी फुकट गेल्या होत्या. नंतर नाबोर मिस्त्रीने तिला दुकानात बसवून ऑइल कसं बघायचं ते शिकवलं, चार-चारदा करायला लावलं. त्या वेळी लसी गेल्या होत्या. आज पिशवीत काय आहे, ते तिच्या छातीला टोचत होतं.

रस्त्यावर सपाट जागा नव्हतीच; एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि सगळा चढ. एक वळण पुढे ला होया ही दहा-बारा घरांची वस्ती होती आणि वस्तीत बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान होतं. तिने इंजिन जेमतेम चालू ठेवत गाडी तिथवर नेली, मैदानाच्या मधोमध थांबवली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

अन्सेल्मो उतरलाच नाही. "बाई, काय करताय?"

"ऑइल बघणार आहे. पण तीन मिनिटं थांबायचं. वर चढलेलं ऑइल खाली उतरू दे, नाहीतर खोटं दिसेल."

"तीन मिनिटं?" तो आता उतरला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "माझी पोरगी तिकडे गुदमरतेय आणि तुम्ही इथे घड्याळ बघत उभ्या राहणार?"

"इंजिन जाम झालं तर सोळा किलोमीटर चालायचं आहे. किती तास लागतील, तुम्हीच सांगा."

तो मैदानाच्या कडेकडेने फेऱ्या मारायला लागला. ओफेलियाने गाडी दोन्ही हातांनी सरळ उभी धरली होती आणि मनगटावरच्या घड्याळाचा काटा बघत होती. आयुष्यात ती बऱ्याच वेळा घाईत धावली होती, पण अशी घाईत उभी कधी राहिली नव्हती. पायातली सगळी ताकद पळायला बघत होती.

मैदानाशेजारीच दोमितिलाची मक्याची गिरणी होती. म्हातारी हात पुसत बाहेर आली. तिच्याकडेही वायरलेस होता आणि सकाळपासून सगळं तिच्या कानावर पडत होतं. ती अन्सेल्मोकडे न बघता ओफेलियाजवळ आली आणि हळूच म्हणाली, की आत्ताच चायो, म्हणजे पोरीची आई, बोलत होती. पोरीचे डोळे भिरभिरतायत, कुठे ठरत नाहीत.

अन्सेल्मोने ते ऐकलंच. तो तरातरा आला, इंजिनाशेजारी बसला, शर्टाच्या टोकात धरून गरम झाकण फिरवलं आणि झाकणाला जोडलेली काडी बाहेर काढली. तीन मिनिटं होतच आली होती, म्हणून ओफेलियाने अडवलं नाही. त्याने काडी पुसली, परत आत घातली, झाकण घट्ट आवळलं, पुन्हा फिरवून काढली आणि उन्हात धरली.

"बघा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये. भरपूर आहे. चला आता."

ऑइल खरोखरच दोन रेघांच्या मध्ये लागलं होतं. क्षणभर तिलाही वाटलं, निघावं. दगडाने थोडं सांडलं असेल, एवढंच. पण बुटावरचा ओघळ तिला दिसत होता आणि खडखड अजून कानात होती.

"तुम्ही झाकण आवळलंत," ती म्हणाली.

"मग? ट्रकमध्ये काडी पार बुडापर्यंत घालतात. पंचवीस वर्षं घालतोय मी."

"हा ट्रक नाही. या गाडीत काडी नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. आवळली की ती बोटभर जास्त खाली जाते आणि जास्त ऑइल दाखवते. तुम्ही गाडी धरा. सरळ. जराही कलू देऊ नका."

त्याला ते आवडलं नाही, पण त्याने हँडल धरलं. ओफेलियाने काडी पिशवीतल्या कापसाने कोरडी पुसली, भोकात सोडली, झाकण आट्यांवर नुसतं टेकवलं आणि सरळ वर काढली. या वेळी काडीच्या अगदी टोकाला थेंबभर काळं लागलं होतं. खालची रेघ कोरडी होती.

तिने काडी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. तो बघत राहिला. मग म्हणाला, "अर्ध्याहून जास्त गेलंय." आता त्याच्यातला ट्रकवाला बोलत होता.

ती गाडीखाली वाकली. तळाचा बोल्ट दगडाने फिरून सैल झाला होता आणि त्याच्या कडेने थेंब थेंब ऑइल पडत होतं. दोमितिला गिरणीचे पाने घेऊन आली. तिसरा पाना बसला. ओफेलियाने बोल्ट आवळला. आटे तुटायला नकोत म्हणून शेवटचा पीळ हलका ठेवला. थेंब थांबले, मग एक आला, मग कुठलाच आला नाही.

आता ऑइल हवं होतं. म्हातारीने आधी एक डबा आणला, त्यात करवतीच्या साखळीला लावायचं ऑइल होतं, मधासारखं चिकट. ओफेलियाने वास घेतला आणि परत दिला. दुसऱ्या वेळी ती गिरणीच्या इंजिनाचा डबा घेऊन आली. त्यावर चार स्ट्रोक इंजिनासाठी असं छापलेलं होतं आणि आत पाऊण लिटर तरी होतं. म्हणाली, घे सगळं, उद्याचं पीठ परवा दळीन.

"सगळं ओता," अन्सेल्मो म्हणाला. "कमी पडण्यापेक्षा जास्त बरं."

"जास्त झालं की फेस येतो. फेस वंगण देत नाही आणि कुठलं तरी सील फुटतं. मग वर पोचायच्या आधीच पुन्हा असेच अडकू."

तिने अंदाजे पाव लिटर ओतलं, एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवलं, बंद केलं आणि घड्याळ बघितलं. पुन्हा थांबायचं होतं. अन्सेल्मो गाडी धरून उभा होता. गाडी जराही हलत नव्हती.

"माझा भाऊ असाच विंचू चावून गेला," तो समोर बघत म्हणाला. "सात वर्षांचा होता. वडील त्याला खेचरावर घालून खाली आणत होते. याच वस्तीपर्यंत आले, इथेच थांबले." दोमितिलाने मान खाली घातली, तिला ते आठवत असावं. "मला वाटतं, थांबलं की संपलं."

ओफेलियाने काडी टेकवून काढली. ऑइल खालच्या रेघेला लागलं होतं. तिने आणखी थोडं ओतलं, पुन्हा एक मिनिट, पुन्हा वाट. या वेळी ते दोन रेघांच्या मध्याच्या जरा वर होतं. तिने झाकण आवळलं. ला होयात त्यांची सतरा मिनिटं गेली होती.

किक मारली तेव्हा दोघांनी श्वास रोखून ऐकलं. खडखड होती, पण बारीक, आणि पहिल्या वळणापाशी तीही विरली. पुढचा सगळा चढ ओफेलिया बोल्टचा विचार करत होती आणि दर थोड्या वेळाने बुटाकडे बघत होती. अन्सेल्मोने तिचा खांदा एवढा घट्ट धरला होता की नंतर तिथे निळं पडलं. तो एकदाही जोरात चालवा म्हणाला नाही.

यारेली आईच्या मांडीवर होती. ओठांभोवती निळसर छटा, हातपाय झटके देत होते, डोळे कुठल्या तरी माशीमागे लागल्यासारखे फिरत होते. ओफेलियाने कुप्यांमधली पावडर सलाइनमध्ये विरघळवली, फेस येऊ नये म्हणून हळूहळू गोल फिरवत. आणखी एकदा थांबणं आलं. अन्सेल्मो दारातून बघत होता, आणि या वेळी त्याने घाई केली नाही. हाताची शीर दोनदा निसटली. तिसऱ्यांदा पायाच्या घोट्यापाशी सापडली. एकापाठोपाठ एक तीन कुप्या गेल्या. चौथी तिने हातात तयार ठेवली.

वीस मिनिटं काहीच झालं नाही. चायो देवीचं नाव घेत होती. मग लाळ कमी झाली. मग श्वासातली घरघर सुटली. एकच्या सुमारास यारेलीचे डोळे छतावरच्या एका वाशावर ठरले, तिथून आईवर आले आणि तिथून ओफेलियावर. चौथी कुपी लागली नाही.

पोरीने घोट्याची पट्टी बघितली, तोंड वाकडं केलं आणि घोगऱ्या आवाजात आईला म्हणाली, "हिला घरी जायला सांग. ही टोचते."

चायो हसत रडायला लागली. ओफेलिया बाहेर आली आणि अंगणातल्या ओंडक्यापाशी गेली. ती ओंडक्याशेजारी मातीतच बसली. अन्सेल्मो तिच्याजवळ येऊन बसला. कितीतरी वेळ दोघांपैकी कुणीच उठलं नाही.