अळंबीच्या बाटलीचा कबुलीजबाब

मी अळंबीच्या बियाण्याची बाटली बोलतेय. आधी मी भिवपुरीला दवाखान्यात सलाइनची होते. नामाने मला तिथून मागून आणलं, उकळून घेतलं, बटाट्याचं साखरपाणी भरलं आणि त्यात अळंबीचं एवढंसं बी सोडलं. पंधरा दिवसांत माझ्या पोटात पांढरे तंतू पसरले. खरं सांगते, मला त्याचा गर्व झाला होता.

नामा शेतकी शाळेत शिकलेला. त्याने सुईने माझ्यातलं पाणी पेंढ्याच्या एका पिशवीत सोडलं, आणि तिला ताटलीएवढी अळंबी आली. मग नोकरीला पुण्याला जाताना त्याने मला काकीच्या, गौराबाईच्या हवाली केलं. "काकी, सुई दर टायमाला चिमणीवर लाल कर. मग ती कशालाच टेकवू नको," एवढंच बजावलं.

गौराबाईने ठाकरवाडीतल्या मंगळीला भागीत घेतलं. मंगळीने पेंढा उकळला, निथळला, आठ पिशव्या दाबून भरल्या. गौराबाई सुई चिमणीवर धरायची, ती काजळीने काळी व्हायची. काळी सुई बियाण्यात कशी घालायची? म्हणून ती दर वेळी धुतलेल्या पदराने पुसायची. पहिल्याच वेळी माझ्या रबरी बुचातून सुईबरोबर काहीतरी परकं आत आलं. मला ते जाणवलं होतं.

आठही पिशव्या बुरशीने हिरव्या पडल्या, आंबूस वास सुटला. गौराबाईने मला उजेडात धरलं. पुढून मी पांढरीशुभ्र. माझ्या पोटातला हिरवा डाग पाठीवरच्या दवाखान्याच्या चिठ्ठीआड होता. तिने मला फिरवून पाहू नये, असं मला वाटलं. आजही त्याची लाज वाटते.

"बाटली चांगली हाय. नामाची पिशवी फुललीच की," गौराबाई म्हणाली. "मंगळे, तुज्याच हाताला गुण नाय गं."

"मी काय केलं, बाय? दोनदा उकाळला पेंढा," मंगळी म्हणाली आणि उठून गेली.

शिमग्याला नामा आला. त्याने चिठ्ठी खरवडली, डाग पाहिला.

"काकी, सुई पुसलीस?"

"मग? काळीकुट्ट झालेली."

"तितंच पदराची घाण सुईवाटे आत गेली. मंगळीचा दोष नाय. तिला सांगून ये."

"जाईन रं," गौराबाई म्हणाली. पण गेली नाही. चूक कबूल करायची तिला लाज, आणि मी तर तिच्याहून जास्त दोषी.

आता मी रिकामी, खिडकीत पडून असते. परवा खिडकीखालच्या शेतात लावणीला मंगळी मजुरीवर आली. गौराबाईने भाताच्या रोपांची जुडी तिच्यापुढे धरली. मंगळीने दोन्ही हात मागे घेतले.

"मी बांध लिपते, बाय. रोपाला हात नाय लावत आता."

गौराबाई खाली मान घालून लावणी करत राहिली. माझा आवाज तिथवर पोचत नाही. तुमच्यापैकी कोणी वाडीवर जाणार असेल, तर मंगळीला एवढं सांगा, की तिच्या हातात काही वाईट नव्हतं.