पाण्याची पाळी

चंद्रभानजींना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. नातवाचं नाव तर रोज नवं. पण कूलरमध्ये पाणी भरायचं, हे ते कधी म्हणजे कधी विसरले नाहीत. गंमत एवढीच, की भरलं हे विसरत. मग पुन्हा भरत. पुन्हा विसरत, पुन्हा भरत. म्हातारा कामाला वाघ!

नागपुरात धरमपेठेतल्या त्या दोन खोल्यांत कूलर आला तो अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना खसच्या ताट्या, तळाशी बाहेरून दिसणारी पाण्याची उघडी टाकी, आणि पंखा असा की सुरू झाला की अख्ख्या गल्लीला कळावं. खिडकीला बाहेरून लावलेला, म्हणून पाणी अंगणातूनच भरायचं.

सून शामला हिचा त्या कूलरवर भारी जीव, आणि तो काही गारव्यापायी नव्हे. कुही गावची धानाची शेती सोडवून सासऱ्यांना, तिच्या मामाजींना, इथे आणलं, तेव्हापासून हिवाळाभर ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. चहा दिला तर घेतला, नाही तर नाही. कूलर आला आणि मामाजी उठले! हौदातून बादली भरायची, टाकीत ओतायची. काम मिळालं म्हणताच माणूस खुलला की हो.

आणि काल घात झाला. टाकी तुडुंब असताना मामाजींनी आणखी बादल्या रिचवल्या. पाणी खिडकीतून आत आलं, भिंतीवरून उतरत बटणांच्या पाटीपर्यंत पोचलं, आणि चर्रर्र करून ठिणग्या उडाल्या.

शामलाचा नवरा मनोहर भडकला. "बस झालं! बाबांनी आता कूलरले हात लावाचा नाही. शॉक लागून माणूस जाईन, मंग?"

"काम काढून घेतलं तर माणूस तसाही जाते," शामला म्हणाली. "हिवाळ्यात पाहिलं नाही काय? मले उद्याचा दिवस द्या. एक थेंब जरी आत आला, तर बादली मीच कुलपात टाकीन."

बोलून तर बसली. आता निभवायचं होतं.

सकाळी तिनं टाकीत कोळशानं ठसठशीत रेघ मारली, इथवरच पाणी भरायचं म्हणून. मामाजींनी ती घासून पुसून काढली. "टाकी एवढी घाण ठेवते काय वं कोणी?" मग तिनं बादली लपवली, तर ते कणकेची परात घेऊन निघाले. शामलानं कपाळावर हात मारला. तिकडे वरण करपलं ते वेगळंच.

आणि ऐन दुपारी अंगणात बोंबाबोंब झाली.

ती धावत बाहेर आली, तर मामाजींनी शेजारच्या रुपरावांचा दुपट्टा गच्च पकडलेला. "चोर! पाणीचोर सापडला, सूनबाई!"

रुपराव पोस्टात होते. नागपूरच्या मे महिन्यात डोक्याला ओला दुपट्टा बांधल्याशिवाय कोण बाहेर पडतो? बिचारे ड्यूटीवर निघता निघता कूलरच्या गार पाण्यात दुपट्टा बुडवून घेत होते.

"सोडा गा भाऊ! मी रुपराव, बाजूचा!"

"बाजूचाच फोडते बांध! दूरचा कायले येईन?" मामाजी गरजले. "सकाळपासून भरून राहिलो, अन् पाणी आपलं खालीच जाते. मले वाटे, मीच विसरून राहिलो. मी नाही विसरत, सूनबाई! हा चोरते!"

शामलाच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पाण्याची पाळी आली की मामाजी राखणीला बसत. बांधीतलं पाणी उतरलं, म्हणजे कुणीतरी बांध फोडून वळवून नेलं. आता हे पाणी खसच्या ताट्या पितात आणि पंखा उडवतो, हे सांगायला तिनं तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. मामाजींचा चेहरा असा फुलला होता की त्यावर विरजण घालायचा तिला जीव होईना. तिनं मामाजींच्या मागून रुपरावांना हात जोडले.

रुपराव शहाणा माणूस. मान खाली घालून म्हणाले, "चुकलं भाऊ. मीच नेत होतो. रोजच."

"पाहा! म्हटलं नव्हतं?" मामाजींनी दुपट्टा सोडला. "जा आता. पण आजपासून पाळी माही हाय. मी इथून हलत नाही."

त्यांनी बाज ओढून कडुलिंबाखाली घेतली, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि डोळा टाकीवर लावला. पाणी उतरलं की उठायचे, एक बादली ओतायचे, पुन्हा बसायचे. भरलं की नाही हे आठवायची गरजच कुठे होती? पाणी समोर दिसतच होतं! शामला दर थोड्या वेळानं आत जाऊन फरशीला हात लावून पाही. कोरडी ठणठणीत! तिला एवढा आनंद झाला की करपलेलं वरणही तिनं चवीनं खाल्लं.

संध्याकाळी मनोहर ऑफिसातून आला. सायकल भिंतीला लावून सरळ बादली उचलून ठेवायला वळला. काठी आडवी आली.

"कोण व्हय गा तू?"

"बाबा, मी मनोहर."

"कोणता मनोहर?"

मनोहरचा चेहरा उतरला. "तुमचा पोरगा, बाबा."

चंद्रभानजींनी त्याला वरून खाली न्याहाळलं. "असशील. पण पाळी माही हाय. पाण्याच्या पाळीत बाप-लेक नसते."

मनोहरनं खिडकीतून आत पाहिलं. भिंत कोरडी. दारात शामला कमरेवर हात ठेवून उभी. "शोधा की! थेंब तरी सापडते काय?"

त्याला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. त्यानं बादली होती तिथेच राहू दिली. "बरं बाबा. मंग मले राखणीले तरी ठेवा. तुम्ही भाकर खाऊन या."

चंद्रभानजींनी विचार केला. मग काठी त्याच्या हाती दिली. "बस. पण झोपू नको हं."

आत म्हातारा पोटभर जेवला. आपण होऊन आणखी एक भाकर मागून घेतली. खाता खाता खिडकीतून बाहेर पाहिलं, तर ऑफिसच्या पँटीत मनोहर बाजेवर ताठ बसलेला, नजर टाकीवर. चंद्रभानजी शामलाकडे झुकून हळूच म्हणाले, "हा नवा गडी इमानी दिसते वं. याले ठेवून घेऊ आपण."