चार सुलटे टाके

सरलाबाई राहते त्या गोडादऱ्यात नळाला पाणी येतं पावणेसहाला.

पाहुण्यांसमोर बटण लावायची वेळ आली, की सरलाबाई सुई उजव्या हातात धरते आणि हमखास बोट टोचून घेते.

छत्तीस सालच्या विलायती मोटारीच्या गादीत घोड्याचे केस भरलेले असतात. उंदरांना ते फार आवडतात.

चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही.

तर अशी एक मोटार कतारगामच्या गॅरेजात उभी होती. पुढची सीट कारखान्यातून निघाली तशीच शाबूत होती. उंदरांनी खाल्लेली मागची सीट छगन शिवत होता. त्याने ती दोनदा शिवली आणि गॅरेजच्या शेठने दोनदा उसवायला लावली.

"छगनभाई, आगे का टांका देखो, इधर झुकता है. तुम्हारा उधर. रविवारे जूनी गाडीनी रॅली छे, भाई!"

शेठ गेला. छगनने कपाळाला हात लावला. आता एकदाच शिवता येणार होतं. पुन्हा उसवलं तर कडाच फाटली असती, आणि तसलं चामडं दुसरं नव्हतं.

सरलाबाई रॉकेलच्या टबात पुर्जे धूत होती. सहा वर्षं तेच काम, बोटांना बारमाही चिरा. हात पुसून ती उठली, पुढच्या सीटच्या शिवणीवरून तिने बोट फिरवलं आणि हसली.

"छगनभाऊ, हाई डावा हातनं काम शे."

"विलायतमा बी डावऱ्या राहतस का, वहिनी?"

"हाई देख ना. सुरवातना चार टाका सुलटा, मंग सगळा उलटा. मुकादम मांगे उभा व्हई. तो पुढे गया, तिनी हात बदला."

"तिनी? बाईच होती हाई तुले काय माहीत?"

"बाईच. माणूस कशाले चार टाका भिई?"

छगन खो खो हसला. मग त्याने सुई पुढे केली. "धर मंग. फाटनं तर काम जाई, दोन्ही जण गावले जाऊत."

गॅरेजातले तिघे-चौघे पाने-पकडी ठेवून बघायला आले. एवढ्या पुरुषांसमोर सरलाबाईने डावा हात कधी चालवला नव्हता. सासरी तर गोधड्याही दार लावून शिवायची. तिने सुई उजव्या हातात घेतली आणि चार टाके घातले, वेडेवाकडे, जपून. मग थांबली, पदर खोचला आणि हात बदलला.

त्यानंतर सुई अशी पळाली, की बघता बघता छगनच्या हातातला चहा निवला.

संध्याकाळी शेठ आला. पुढच्या शिवणीवरून अंगठा, मागच्या शिवणीवरून अंगठा. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. त्याने चारही टाके मोजले.

"अरे वाह! छगनभाई, किसने किया?"

छगनला गप्प राहता आलं असतं. "सरलाबेनने. डाबा हाथे," तो म्हणाला.

"तो अगली गाड़ी भी सरलाबेन सिएगी."

"सिऊंगी," सरलाबाई म्हणाली. "टबपर दुसरा माणूस बिठाओ."

शेठने मान डोलावली. छगनने दुसरा चहा मागवला. तिने कप डाव्या हाताने उचलला आणि सगळ्यांसमोर भुरका मारला.

एरंडोलच्या शाळेत सरलाबाई एकसष्ट साली एकच दिवस गेली होती. पेन्सिल डाव्या हातात होती.