पोटरीवरचे डाग

साखरशेत आणि आजूबाजूच्या चार पाड्यांत फागी सुइणीच्या हातचा डाग पोटावर नाही असं पोर शोधून सापडलं नसतं. पोर जन्मलं की पाचव्या दिवशी फागी यायची, चुलीत विळ्याचं टोक तापवायची आणि आईच्या मांडीवरच्या त्या इवल्या जिवाच्या बेंबीभोवती तांदळाच्या दाण्याएवढे पाच डाग द्यायची. पोट फुगू नये, पोर दगावू नये, म्हणून. शहाणी माणसं म्हणतील, हा अघोरीपणाच झाला. असेलही. पण त्या काळी ही शहाणी माणसं जव्हारच्या दवाखान्याची पायरी उतरून पाड्यावर कधी आलेली नव्हती. फागीला जे येत होतं ते ती जीव लावून करत होती, आणि डाग देताना तिचेच डोळे भरून यायचे.

तिची चूक झाली ती या डागांपायीच.

मुंबईच्या कुणा शेठनं जव्हारात डोंगरातल्या पोरांसाठी बोर्डिंग काढली होती. राहणं, खाणं, शिकणं, सगळं फुकट, वर अंगाला दोन सदरे. पोरं गोळा करायला माणसं पाड्यापाड्यावर फिरली, तेव्हा फागीच्या विधवा लेकीनं, मंगळीनं, आपल्या ढवळूला पदराआड ओढलं होतं. फागीनंच तिची समजूत घातली. "जाऊ दे गं बाय. चार अक्षरा शिकल. आपल्यासारखा अंगठा तरी नाय उठवायचा." ढवळू तेव्हा आठ वर्षांचा होता. बोर्डिंगच्या गृहपतींना सगळे पंत म्हणत. धुतलेला अंगरखा, गोड बोलणं, कपाळाला गंध. त्यांनी ढवळूच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा फागीला केवढं बरं वाटलं होतं.

पुढच्या शिमग्याला पोर घरी आलं ते मुकं होऊन. हाक मारली की दचकायचं. दुसऱ्या दिवशी मंगळीनं त्याला आंघोळीला बसवलं आणि त्याच्या डाव्या पोटरीवर तीन डाग दिसले. आडवे, चार बोटं लांब, सुकत आलेले. मंगळीनं आईला हाक मारली.

फागीनं वाकून पाहिलं. जिनं उभ्या आयुष्यात डाग म्हणजे औषध एवढंच पाहिलं होतं, तिच्या मनात दुसरं काय येणार? पोर आजारी पडलं असेल, पंतांनी उपचार केला असेल. तिनं विचारलं, "पंतानं दिला?" ढवळूनं मान हलवली. "हात बसलेला नाय त्याचा," फागी म्हणाली. "डाग असा मोठा नसतो द्यायचा." आणि तिनं करंजाचं तेल लावलं. कशासाठी दिला, हे विचारलं नाही. शिमगा सरला, तसं पोर पुन्हा बोर्डिंगात पोचवलं. जाताना त्यानं मंगळीचं लुगडं दोन्ही मुठींत धरलं होतं आणि फागीनं एकेक बोट सोडवलं होतं. ही गोष्ट तिनं स्वतःला कधी माफ केली नाही, आणि करूही नये.

महिनाभरात शेजारच्या पाड्यावरचा लक्ष्या बोर्डिंगातून पळून आला. त्याच्या बापानं पोराला खांद्यावर घालून फागीकडे आणलं, कारण पाय सुजला होता. फागीनं फडकं सोडलं आणि तिचा हात थांबला. डावी पोटरी. आडवा डाग, चार बोटं लांब, एका टोकाला तुटल्यासारखा. अगदी ढवळूच्या डागांसारखा.

"तुला काय झाला होता?" तिनं विचारलं.

"काय नाय."

"मंग डाग कशाला दिला?"

लक्ष्यानं बापाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "झोपंत चटई भिजली म्हणून. ज्याची भिजंल त्याला सकाळी देतंय. उलथना तापवतंय."

फागीला क्षणभर कळेचना. सात-आठ वर्षांची पोरं. आईच्या कुशीतून उचलून परक्या छपराखाली निजवलेली. त्यांची चटई भिजणार नाही तर काय होणार? पाड्यावर हे झालं की आई हसते, चटई उन्हात टाकते आणि विसरून जाते. आणि इथं शिकलासवरलेला, गंध लावणारा माणूस त्यासाठी लोखंड तापवतो.

"पाय कोण धरतो?" तिनं विचारलं, कारण डाग द्यायचा तर कुणीतरी धरावंच लागतं, हे तिला ठाऊक होतं.

"पोराच धरतात. माझा ढवळूनं धरला. नाय धरला तर त्याला देतंय."

फागी उठली. तिनं लक्ष्याच्या पायाला पाला बांधला, मंगळीला हाक मारली आणि तशीच जव्हारची वाट धरली. मागोमाग मंगळी आणि पोराला खांद्यावर घेतलेला लक्ष्याचा बाप.

बोर्डिंगच्या ओसरीवर त्या दिवशी मुख्य पंच नानासाहेब आले होते. शेठच्या वतीनं सगळा कारभार तेच पाहत. फागीनं लक्ष्याला त्यांच्यासमोर बसवलं आणि फडकं सोडलं. सांगायचं ते सांगितलं. तिच्या बोलीत राजालाही 'तू'च म्हणतात, त्यामुळे नानासाहेबांच्या कपाळाला आधीच आठी पडली.

पंत मात्र हसले. "नानासाहेब, या लोकांची रीत आपल्याला ठाऊक नाही. पोरांना डागणं हा यांचाच धंदा. ही बाई तर त्यातली नावाजलेली. विचारा तिला. पळून गेलेल्या पोराला घरच्यांनीच डागलं आणि आता बालंट माझ्यावर."

"का गं, खरं आहे हे?" नानासाहेबांनी विचारलं. "तू डाग देतेस?"

"देतंय," फागी म्हणाली.

"मग संपलंच की."

काय संपलं? पंतांच्या चेहऱ्यावर तर जत्रेत कुस्ती मारल्याचा आनंद होता. फागीनं अंगणातल्या पोरांना जवळ बोलावलं. वीस-बावीस पोरं भिंतीला चिकटून उभी होती. त्यांतल्या कितीतरींची नाळ तिनंच कापलेली. "सदरा वर करा रं," ती म्हणाली. पोरांनी पंतांकडे पाहिलं. सगळ्यात आधी ढवळूनं सदरा वर केला, मग बाकीच्यांनी.

"बेंबीभोवतीचा हा माझा," फागी म्हणाली. "पाच. दाण्यायेवढा. आयशीच्या मांडीवर, बापाच्या समोर दिला. वाईट असंल तर मला बांधून ने, मी येतंय. आता पाठ फिरवा रं, न् धोतर वर घ्या."

पोरं वळली. सात पोटऱ्यांवर ते आडवे डाग होते. काही जुने, काही ओले.

"हा माझा नाय," ती म्हणाली. आणि कुणी अडवायच्या आत ती स्वयंपाकघरात शिरली, उलथनं घेऊन बाहेर आली. त्याचा एक कोपरा तुटलेला होता. गुडघ्यावर बसून तिनं ते थंड लोखंड ढवळूच्या पोटरीवर, त्या डागाशेजारी, हलकेच धरलं. पोर थरथरलं पण हललं नाही. लांबी तीच, तुटका कोपरा तोच. मंगळीनं तोंडावर हात दाबून धरला.

पंत म्हणाले, "शिस्त नको? दर सकाळी घाण." हे ते अशा सुरात म्हणाले की जणू त्यांच्यावरच अन्याय झाला होता.

नानासाहेबांनी घसा साफ केला. वाटलं होतं, आता हा माणूस चिडेल, पंतांना चार शब्द सुनावेल. पण ते म्हणाले, "बाई, झालं ते वाईट झालं. आम्ही बघून घेऊ. पण हे बाहेर बोलायचं नाही. शेठच्या नावाचा प्रश्न आहे. बोर्डिंग बंद पडली तर नुकसान तुमच्याच पोरांचं."

फागीनं सातही पोरांना पुढे घातलं आणि ती निघाली. पटावर नावं आहेत, असं नेता येत नाही, असं मागून कुणीतरी ओरडलं. ओरडू दे.

आठ दिवसांत पंत जव्हारातून गेले. पाड्यावर सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला.

वैशाखात खोडाळ्याच्या बाजारातून मीठमिरची घेऊन आलेल्या पाड्यावरच्या गोमानं बातमी आणली. खोडाळ्याला नवी बोर्डिंग निघतेय. बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ ओट्यावर बसून पोरांची नावं लिहून घेतो. अंगरखा, गंध, गोड बोलणं. जव्हारच्या नानासाहेबांची चिठ्ठी त्याच्याकडे आहे, ती तो सगळ्यांना वाचून दाखवतो. सालस, कर्तव्यदक्ष, मुलांना लळा लावणारा.

आता बोला. अब्रू राखायची म्हणून या माणसांनी एका लांडग्याला आपल्या वाड्यातून हाकलून, वर शिफारस देऊन, दुसऱ्याच्या वाड्यात सोडलं होतं. त्यांना रात्री झोप लागत असेल का? खुशाल लागत असणार.

"आपला पोर वाचला ना," मंगळी म्हणाली. "आपला राजा जव्हारचा, खोडाळा इंग्रजाच्या मुलखात. तठं आपला कोण हाय?"

"तठल्या पोरांनाबी पोटऱ्या हायेत," फागी म्हणाली. "शिमग्याला मी बघला, तेल लावला न् गप बसली. आता नाय बसायची."

ढवळू उंबऱ्यात बसून ऐकत होता. "मीबी येतंय," तो म्हणाला. "नुसता सांगून कोण ऐकंल?"

मंगळी नको म्हणत होती. फागीलाही ते नको होतं. पोराला पुन्हा त्या माणसासमोर उभं करायचं, हे कुणाच्या जिवाला बरं वाटेल? पण ढवळूनं काठी उचलली आणि तो अंगणात जाऊन उभा राहिला. त्याच्या तोंडून इतके शब्द कित्येक महिन्यांत कुणी ऐकले नव्हते.

खोडाळ्याचा बाजार रंगात आला होता. ओट्यावर पंत वही उघडून बसले होते आणि समोर बायाबापड्यांची रांग होती. नागली विकायला आलेली पोशी नावाची एक बाई आपल्या पोराचं, काळ्याचं नाव नुकतंच लिहवून, समाधानानं ओटा उतरत होती. काळ्या सात वर्षांचा असेल-नसेल.

ढवळू रांगेत घुसला नाही. तो ओट्यापाशी गेला, डावा पाय उचलून पायरीवर ठेवला आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. फागी त्याच्या पाठीशी उभी राहिली.

"ह्या पंतानं दिला," ढवळू म्हणाला. आवाज बारीक होता, पण पहिल्या चार बाया ऐकत होत्या. "चटई भिजली म्हणून. मंग मला लक्ष्याचा पाय धराया लावला."

पंतांचा चेहरा पांढरा पडला. मग ते सावरले. "हे लोक आपल्याच पोरांना..."

"माझा पोटावर असतंय," फागी म्हणाली, आणि रांगेतल्या बायांकडे वळली. "तुमची सुईण कठं डाग देते? पोटावरच ना? पोटरीवर कुणी औषिद देते का?"

कुणी मान हलवली, कुणी वाकून ती पोटरी पाहिली. डाग देण्याची रीत हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच होती, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एका बाईनं पोराचा हात धरला आणि ती रांगेतून बाहेर पडली. तिच्यामागून दुसरी. पोशी मात्र उलटी ओट्यावर चढली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं वहीवर पालथा पंजा ठेवला.

"माझ्या पोराचा नाव काढ."

"शाईनं लिहिलंय. आता निघायचं नाही," पंत म्हणाले.

"मंग पान फाड."

पंतांनी इकडेतिकडे पाहिलं. चिठ्ठीवर त्यांचा हात होता, पण ती वाचायला आता समोर कुणी थांबलेलं नव्हतं. जे थांबले होते ते पोशीच्या पंजाकडे बघत होते. शेवटी पंतांनी पान फाडलं.

फागीनं नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. पोर घामानं भिजलं होतं. "पुरा झाला रं बाबा," ती म्हणाली. "पाय झाक आता. चल घरी."

ढवळूनं बाजाराच्या वाटेकडे पाहिलं. डोंगरावरून अजून माणसं उतरत होती, बायांच्या डोक्यावर पाट्या, बोटाला धरलेली पोरं.

"ऱ्हाऊ दे, आजी," तो म्हणाला. "अजून येतात."