मुळापाशी निजलेली कुदळ

मित्रांनो, कोपऱ्यात कोण उभं आहे म्हणून विचारताय? कुदळ आहे मी. जुनी आहे, पातं झिजलंय, दांड्याला दोन ठिकाणी चामड्याची पट्टी गुंडाळली आहे. पण कुणी मला मोडीत काढायची भाषा केली तर त्याच्या पायावर पडायला मी कमी करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आता बसा, आणि ऐका.

माझा जन्म मुरगाब गावच्या लोहाराकडे झाला. खिंडीत मरून पडलेल्या एका ट्रकचा कमानपाटा त्यानं कापला, तापवला, ठोकला, आणि मी झाले. दांडा जर्दाळूच्या लाकडाचा. आमच्या पठारावर झाड औषधालाही मिळत नाही. तो दांडा खालच्या खोऱ्यातून आला. म्हणजे माझं डोकं रस्त्याचं आणि अंग बागेचं. अजूनही उन्हात ठेवलं की अंगाला फुलं आल्याची स्वप्नं पडतात.

त्या वेळी रशियाशी जोडलेला आमचा मोठा देश नुकताच मोडला होता. पूर्वी कोळशाचे ट्रक यायचे, ते बंद झाले. उमसुनचा नवरा त्याच हिवाळ्यात गेला आणि घरात राहिली तिची पोरं आणि थंडगार चूल. तेव्हा तिनं मला विकत घेतलं. खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "चल गं. आता घरात पुरुष तूच."

पुढची कित्येक वर्षं मी त्या शब्दाला जागले. पहाटे आम्ही दोघी पठारावर जायचो आणि तेरेस्केन खणायचो. तेरेस्केन म्हणजे वीतभर उंचीचं करड्या रंगाचं झुडूप. दिसायला झिपऱ्या पोरीसारखं. पण चुलीत घातलं की असं धडधडून पेटतं की बाहेरचं वारं दाराशीच थबकतं. त्याच्यावर नान भाजले गेले, मिठाचा चहा उकळला, पोरांची ओली पायतणं सुकली. गोवऱ्या धुमसत राहायच्या, पण खरी ऊब तेरेस्केनची. उमसुन शेजारणींना सांगायची, "माझी पोरं दोघांनी जगवली. वरच्यानं आणि या कुदळीनं." तेव्हा मी अशी ताठ उभी राहायची की दांडा करकरायचा.

आणि खणून संपेल की काय, ही भीती? छे! पठारावर सगळ्यांना ठाऊक होतं, तेरेस्केन म्हणजे डोक्यावरचे केस. कापले की पुन्हा येतात. दरवर्षी आम्हाला जरा लांब जावं लागायचं खरं. पण उमसुन म्हणायची, "वय झालं की रस्ता लांब वाटतोच." मलाही ते पटायचं.

उमसुनच्या मोठ्या मुलाची मुलगी जिपार. बाप रशियात कामाला, आई नाही. पोर आजीच्या कुशीत आणि माझ्या सावलीत वाढली. आजीला आपा म्हणायची. कुणाकडे काही मागायची नाही, अशी मुलखावेगळी. बूट फाटला तर आत चिंधी कोंबायची. हुशार निघाली आणि खोरोगच्या कॉलेजात गेली. पर्यावरण शिकायला.

"ते काय असतं?" उमसुननं विचारलं.

"आजूबाजूचं सगळं, आपा. माती, पाणी, गवत, वारा."

"ते शिकायला इथून इतक्या लांब जायचं? ते इथं फुकट आहे."

पण पाठवलं तिनं. जाताना पिठाची पिशवी दिली आणि पाठ फिरवून उभी राहिली. पाठवणीला रडायची तिची पद्धत तीच.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी जिपार सगळा वर्ग घेऊन आली. बरोबर त्यांच्या मवजूदा बाई. मुलं बहुतेक खालच्या खोऱ्यातली, तुती-अक्रोडांच्या सावलीत वाढलेली. त्यांनी आमचं पठार बघितलं आणि तोंडं पाडली. शोदमोन नावाचा एक वाचाळ मुलगा तर म्हणाला, "बाई, इथं एक झाड नाही. पर्यावरण काय सोबत आणायचं होतं का?"

सगळे हसले. जिपारही हसली, पण तिचे कान लाल झाले. इतकी वर्षं तिलाही मनातून वाटायचं की आपला मुलूख म्हणजे देवानं काम उरकताना टाकून दिलेला दगडांचा ढीग.

बाई म्हणाल्या, "जिपार, घरात कुदळ आहे? आण. आणि शोदमोन, तू खण."

अशी मी कॉलेजात गेले, मित्रांनो. वर्ग उघड्यावर भरला होता. शोदमोननं मला असं धरलं जणू मी साप आहे. एका तेरेस्केनच्या शेजारी खड्डा खणायचा, झुडपाला धक्का लावायचा नाही, फक्त कडेनं खाली जायचं. मला हे काम नवीन. आजवर मी मूळ दिसलं की तोडलं होतं. कुणी मला त्याच्या कडेकडेनं चालायला सांगितलं नव्हतं.

आम्ही गुडघाभर गेलो. मूळ खाली जातच होतं. कंबरेएवढं गेलो. शोदमोनची थट्टा बंद झाली. खड्ड्यात उभं राहून त्याचं फक्त डोकं बाहेर दिसू लागलं, तरी मूळ आपलं खालीच, काळोखात, कुणाला तरी भेटायला निघाल्यासारखं. वर वीतभर झुडूप आणि खाली एवढं मोठं झाड, उलटं. त्याच्या फांद्या मातीत पसरलेल्या आणि शेजारच्या झुडपाच्या फांद्यांत गुंतलेल्या. मुलं आपल्या पायांकडे बघू लागली. आपण माळावर नाही, एका जंगलाच्या डोक्यावर उभे आहोत, हे त्यांना एकदम कळलं. एकानं तर हळूच बूट काढले.

कडेला एक वाळलेलं, मेलेलं झुडूप होतं. बाईंनी त्याच्या बुंध्याची चकती कापली, अंगठ्याएवढी. भिंगाखाली धरली. आत वर्तुळात वर्तुळं, केसाहून बारीक.

"एका वर्तुळाला एक वर्ष," बाई म्हणाल्या. "मोज."

जिपार मोजत राहिली. मग थांबली. हातातली चकती तिच्या आजीपेक्षा वयानं मोठी होती.

मित्रांनो, त्या क्षणी माझं पातं थंड पडलं. मी आयुष्यभर केस कापत होते ना? मग हे कुणाचे पाय होते?

त्या संध्याकाळी जिपारनं ती चकती आजीच्या चहाच्या वाटीशेजारी ठेवली. "आपा, हे तेरेस्केन तुझ्यापेक्षा मोठं होतं."

"मग नमस्कार कर आणि चुलीत घाल. मोठ्यांची ऊबही मोठी."

"परत उगवायला माझी नातवंडं म्हातारी होतील, आपा."

"आणि तोवर मी चहा तुझ्या पुस्तकांवर उकळू?"

जिपारच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. "खणू नकोस" एवढे दोनच शब्द. पण जिनं कधी बूट मागितला नाही, ती हे कुठून मागणार? चहा पुरे म्हणून तिनं वाटी उपडी केली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी वर्ग निघाला. आमच्याकडे खड्डा उघडा ठेवत नाहीत. उघडा खड्डा माणूस मागतो म्हणतात. उमसुननंच नातीला हे शिकवलं होतं. म्हणून बाकीचे सामान चढवत असताना जिपार एकटी खड्डा बुजवायला आली. तिनं माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग मला खाली उतरवलं, त्या लांब मुळाच्या शेजारी आडवं निजवलं, आणि हातांनी, पायांनी माती लोटली. तिला वाटलं, कुदळ नाही तर खणणं नाही. घरात गोवऱ्या आहेत, हिवाळा निघून जाईल. डोंगर वाचला.

मला राग आला का? खूप. जिनं घर जगवलं तिला जिवंत पुरायचं?

पण मातीत राग फार टिकत नाही. तिथं काळोख मऊ असतो. थोड्या दिवसांनी मला शेजारचं मूळ ऐकू येऊ लागलं. ते एकेक थेंब इतक्या सावकाश ओढायचं की एका घोटाला एक रात्र लागत असावी. ते झोपेत काहीबाही बोलायचं. मेलेल्या मेंढ्यांची नावं, खिंडीतून गेलेले उंटांचे तांडे, कधीतरी पडलेला एक मोठा पाऊस. त्याच्याजवळ निजून माझ्या दांड्यालाही आठवलं की आपण एकेकाळी झाड होतो. मला स्वप्नं पडायची: मी पांढरी फुललेय, आणि कुणीतरी माझ्या मुळाशी कुदळ घेऊन आलंय, आणि ती कुदळही मीच आहे.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी वर पावलं वाजली. मी ओळखली, उजवा पाय जरा ओढत चालणारी दुसरी कोण? उमसुननं काठी आपटली. नवी बुजवलेली माती पोकळ वाजते. मग म्हणाली, "कार्टी!" आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "नीज तू." पावलं परत गेली. मला काही कळलं नाही. ती मला न्यायला आली होती. मग नेलं का नाही?

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही. पण नंतर या कोपऱ्यात उभी राहून ते इतक्यांदा ऐकलं आहे की बघितल्यासारखंच आहे.

हिवाळ्याच्या मध्यावर गोवऱ्या संपल्या. जवळपासचं तेरेस्केन गेलं तेव्हापासून मेंढ्याही कमीच होत्या. चरायलाच नाही तर शेण कुठून येणार? धाकटा मुलगा सातीबाल्दी शेजारीच राहतो, तो आपली कुदळ घेऊन आला. "आई, तुझी हरवली तर माझी घे. नाहीतर मीच आणतो खणून."

"माझी हरवलेली नाही. विश्रांती घेतेय. तुझी तुझ्या बायकोला दे, तिच्या हाताला कामाची सवय लागेल."

तो गेला. उमसुन कोपऱ्याकडे वळली. तिथं तिच्या लग्नातल्या नमद्याच्या घराच्या, म्हणजे जाड लोकरीच्या गोल तंबूच्या, काठ्या रचून ठेवल्या होत्या. विलोच्या, तांबड्या रंगवलेल्या, बापानं दिलेल्या. त्याच काठ्यांखाली तिची सगळी पोरं जन्मली. तिनं पहिली काठी गुडघ्यावर मोडली आणि चुलीत सारली.

बर्फ वितळल्यावर जिपार घरी आली. दारातच थांबली. कोपरा रिकामा होता. छताचं गोल चाक तेवढं भिंतीवर टांगलेलं.

"आपा, काठ्या कुठं आहेत?"

"धुराड्यातून बाहेर गेल्या. बस, चहा घे."

"का?"

"थंडी होती म्हणून. आणखी कशाला जाळतात?"

जिपार आत येऊन चुलीशी बसली. "कुदळ मी पुरली, आपा."

"मोठी बातमी सांगितलीस. तुझ्या बापाला रशियात कळली असेल."

"तुला ठाऊक होतं? मग काढली का नाहीस?"

उमसुननं चहात मीठ टाकलं, ढवळलं, नको इतका वेळ ढवळलं. "तू कधी काही मागितलं नाहीस. तुझ्या फाटक्या बुटांतल्या चिंध्या मी रात्री काढून सुकवायची, तुला कळू न देता. जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलंस, तेही चोरासारखं. मी नाही कशी म्हणू?"

"मला वाटलं गोवऱ्या पुरतील."

"हिशेब खोरोगात केलास. थंडी इथं पडली."

जिपार रडली. आजीनं रडू दिलं. मग काठी उचलली. "ऊठ. ज्याच्यासाठी मी माझं लग्नाचं घर जाळलं, तो खड्डा मला दाखव तरी."

दोघींनी पळी आणि तव्यानं माती उकरली. उजेड अंगावर आला तेव्हा मला सगळ्यात आधी उमसुनचा चेहरा दिसला, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या मुळाकडे बघत होती, वरून खाली, पुन्हा वर. मग खड्ड्याच्या काठावर पालथी पडून तिनं हात खाली सोडला आणि त्याला तळव्यानं हळूच चाचपलं. म्हाताऱ्या बहिणीचा गुडघा चाचपावा तसं.

"एवढीशी झिपरी," ती म्हणाली, "आणि एवढी खोल!"

जिपारनं मला वर काढलं आणि काठावर बसून मुळाकडे बघत राहिली.

"बघतेस काय? बुजव लवकर. थंडी वाजेल तिला."

मित्रांनो, जिपार कॉलेजात पुन्हा गेली तेव्हा ती तीच मुलगी नव्हती. आधी तिला वाटायचं, डोंगर म्हणजे काहीच नाही. मग वाटलं, डोंगर म्हणजे सगळं आणि त्याला ओरबाडणारी तिची आजी. आता तिला ठाऊक आहे की डोंगर आणि आजी एकाच चुलीच्या दोन बाजूंना बसली आहेत. तिनं हे वर्गात सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात वर्ग आला तो भिंग घेऊन थेट माळावर गेला नाही. आधी घरोघर गेला आणि विचारू लागला: ऊब कुठून निसटते? दारातून. खिडकीतून. भिंतीच्या भेगांतून. मग मी चिखलासाठी माती खणली, मुलांनी भिंतींत लोकर कोंबली, दाराला आणखी एक दार बसवलं. शोदमोनच्या तळव्यांना फोड आले. उमसुन म्हणाली, "पर्यावरण सापडलं वाटतं हाताला!"

सगळं पठार सुधारलं, असं खोटं मी सांगणार नाही. अजूनही लोक तेरेस्केन खणतात. त्यांच्या पोरांनाही थंडी वाजतेच. पण आमच्या घरातल्या गोवऱ्या गेल्या हिवाळ्यात बर्फ वितळेपर्यंत पुरल्या. मी कोपऱ्यात उभी राहून गंजाशी भांडत असते, आणि जिपार सुट्टीला आली की माझ्या पात्याला तेल लावते.

तुम्हीही शिका, खूप शिका. पायांखाली उलटं जंगल असतं, ते बघा आणि जपून चाला. माझ्यासारख्यांना ओलं ठेवू नका, आणि हाती धरलंत तर कुठं घाव घालायचा नाही तेही शिकून घ्या. आणि एखादा डोंगर वाचवायला निघालात, तर त्याच्या पायथ्याच्या घरात आधी जा. दिला तर चहा प्या. चुलीवर हात ठेवून बघा, गरम आहे का. मग काय मागायचं ते तोंडानं मागा.