एका बाजूची धार

चाकूच्या पात्याला स्टीलची पट्टी लावून मी तो उजेडाकडे धरला, तर पट्टीखालून उजेड आला. तो यायला नको होता. बाबांनी पुन्हा धार लावली होती. दोन्ही बाजूंनी.

टेबलावर ओल्या गोणपाटात कलमासाठी सीताफळाच्या काड्या गुंडाळून ठेवल्या होत्या. पहाटे झाडांवरून उतरवलेल्या, आजच्या आज वापरायच्या. शेडमध्ये रोपांच्या पिशव्या मांडून तयार होत्या आणि नर्सरीचे मालक पोपटराव खुर्ची टाकून बसले होते, कारण ही माझी परीक्षा होती. गेल्या वर्षी माझी निम्म्याहून जास्त कलमं मेली. "ह्या खेपेला धरली तर कलमाचं टेबल तुझं," त्यांनी सांगितलं होतं. "न्हाईतर काउंटरवर बस आन् बिलं फाड. बीएस्सीवाल्यांना बिलं फाडता येत्यात ना?"

मी बीएस्सी वनस्पतिशास्त्रात झाले होते, बिलांत नाही.

ती कलमं का मेली हे शोधण्यात माझा एक पावसाळा गेला. काड्या, पाणी, माती, गुंडाळायचं प्लॅस्टिक, एकेक करून सगळं तपासलं. शेवटी चाकू तपासला. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार हवी, दुसरी बाजू काचेसारखी सपाट. सपाट बाजू काडीला टेकवून ओढली की काप सरळ येतो आणि काडीच्या सालीखालचा हिरवा थर रोपाच्या हिरव्या थराला चिकटून बसतो. दोन्ही बाजूंनी धार असली की पातं लाकडात शिरतं, वर येतं, पुन्हा शिरतं. कापाला लाटा येतात, मध्ये फट राहते आणि फटीतून काडी सुकते.

चाकू मुळात बाबांचा. ते दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. तिथल्या एका मित्राने करवतीच्या मोडक्या पात्यापासून तो बनवून दिला होता, माझ्या जन्माच्या आधी. मिटला की खिशात मावतो, उघडताना कट्ट असा आवाज करतो. त्याची मूठ दोनदा बदलली, स्प्रिंग एकदा, खीळ किती वेळा ते बाबांनाही आठवत नाही. मी नर्सरीत लागले तेव्हा त्यांनी तो मला दिला, म्हणजे वापरायला दिला. देखभाल स्वतःकडे ठेवली. ते निवृत्त झाल्यापासून आमच्या वस्तीत मोडकं असं काही राहिलेलं नाही, आणि धड चालणारंही फारसं काही राहिलेलं नाही. विहाराच्या दाराचं कुलूप त्यांनी दुरुस्त केलं, तेव्हापासून ते कुठल्याही किल्लीने उघडतं.

दोन रविवार घालवून मी चाकूची एक बाजू घासून सपाट केली होती आणि बाबांना बजावलं होतं, हात लावायचा नाही. "एका बाजूनं धार म्हंजी अर्धी धार," ते म्हणाले होते. "अर्धी दाढी करून हिंडतं का कुणी?" मी पुन्हा बजावलं. तेव्हा म्हणाले, "व्हय, व्हय." आमच्या घरात दोनदा म्हटलेलं व्हय म्हणजे न्हाई.

"काय गं, चाकूच बघत बसणार का?" पोपटराव म्हणाले.

"बिघडलाय."

"मग ज्ञानदेवचा घे की."

ज्ञानदेवमामा हे नर्सरीतले सगळ्यात जुने कलमवाले. त्यांनी लगेच आपला चाकू पुढे केला. तो माझ्या उपयोगाचा नव्हता. "मामा, मी डावखुरी. तुमच्या चाकूची सपाट बाजू माझ्या हातात उलटी पडते."

"मग काप उजव्या हातानं," पोपटराव म्हणाले. "त्यात काय एवढं?"

मी दाढीच्या ब्लेडने कापून पाहिलं. सीताफळाच्या काडीत ते वाकलं. ऑफिसात जाऊन घरी फोन लावला.

"बाबा, चाकूला धार लावली?"

"लावली की. काल तू आंघोळीला गेलतीस तवा. केस तुटतोय बघ."

"दोन्ही बाजूंनी?"

"मंग? एक बाजू पार बोथट झालती. अंगठा फिरवून बघितला मी."

"ती बोथट नव्हती! सपाट केली होती मी!"

"तेच म्हणतोय ना मी. थांब, दगड घिऊन येतो."

"येऊ नका. मी करते इथंच, मला फक्त—"

फोन ठेवलेला होता.

मला फक्त काच आणि पॉलिश पेपर हवा होता, काचेवर पेपर ठेवून पातं सपाट घासायला. पेपर जवळच्या यवतच्या हार्डवेअरमधून आणला. काच पोपटरावांच्या टेबलावर होती, पण तिच्याखाली देवांचे आणि त्यांच्या नातवाचे फोटो लावलेले. "तिला हात लावू नको," ते म्हणाले. मी फरशीवर पेपर ठेवून घासायला लागले. फरशीलाच पोक होतं. ऊन चढत होतं. ज्ञानदेवमामा गोणपाटावर पाणी शिंपडत होते आणि माझ्याकडे न बघता सुस्कारे टाकत होते.

पॅसेंजरने बाबा आले. हातात पिशवी, पिशवीत दगड, तेलाची बाटली, कानस आणि माझा न मागितलेला डबा.

"कुठंय पेशंट?" त्यांनी पोपटरावांना नमस्कार केला आणि चाकू माझ्या हातातून काढून घेतला. "ह्यो घासला कुणी असा? वंगाळ केलाय पार."

"बाबा, ही बाजू सपाट पाहिजे. काप जुळत नाही, फट राहते. रुळांच्या सांध्यात फट राहिली तर गाडी सोडाल का तुम्ही?"

"रुळांच्या सांध्यात फट ठेवावीच लागती," बाबा म्हणाले. "उन्हाळ्यात लोखंड वाढतं. बीएस्सीला शिकवलं न्हाई का?"

पोपटराव इतके हसले की खुर्ची करकरली.

"आन् तुझा हात चुकत असंल," असं म्हणून बाबांनी गोणपाटातली एक काडी उचलली आणि झोकात कापली. कापाला मधे उंचवटा आला. त्यांनी दुसरी घेतली. तिला खड्डा पडला. तिसरी घ्यायला हात गेला तेव्हा मी गोणपाट छातीशी धरलं.

"मोजक्या काड्या आहेत, बाबा! ह्या गेल्या तर मी उद्यापासून बिलं फाडत बसेन. कळतंय का तुम्हाला?"

बाबांनी त्या दोन काड्यांचे काप एकमेकांना लावून उजेडाकडे धरले, मघाशी मी पट्टी धरली होती तसे. बराच वेळ बघितले.

"ही बाजू जरा जास्तच उचलली गेलीया," ते म्हणाले. "कुणी केलं असलं काम?"

काही प्रश्नांना उत्तर दिलं की दिवस वाया जातो.

ते सरळ ऑफिसात गेले, फोटो नीट बाजूला काढून ठेवले आणि टेबलावरची काच उचलून घेऊन आले. पोपटराव "अहो, अहो" करत मागे. काचेवर पेपर, पेपरवर तेल, तेलावर पातं. बाबांचा हात मात्र चांगला, एकदा बाजू सांगितली की ढळत नाही. मी दर थोड्या वेळाने पट्टी लावून बघत होते आणि म्हणत होते, "हीच बाजू. फक्त ही." ते म्हणत होते, "व्हय." एकदाच म्हणत होते.

उजेड यायचा थांबला तेव्हा दुपार टळायला आली होती. मी कापायला बसले. काप सरळ येत गेले. काडी रोपात बसवायची, प्लॅस्टिक गुंडाळायचं, पुढची पिशवी. बाबा मागे उभे राहून ज्ञानदेवमामांना सांगत होते, "धार एकाच बाजूनं पायजे, मामा. लोकांना कळत न्हाई."

त्यानंतर कलमं बघायला ते दर आठवड्याला यायला लागले, सलाइनवरच्या नातेवाइकाला भेटायला यावं तसे. मार्च सरता सरता काड्यांच्या टोकांवर हिरवे डोळे फुटले, जवळजवळ सगळ्या रांगांत. पोपटराव रांगेतून एकदा खाली गेले, एकदा वर आले.

"बीएस्सी, टेबल तुझं," ते म्हणाले. "बिलं मीच फाडतो."

मी टेबलावर जाऊन बसते न बसते तोच ज्ञानदेवमामा समोर येऊन उभे राहिले. हातात त्यांचा चाकू, उघडलेला.

"ताई, काल तुमचे बाबा आलते. म्हणले, द्या, सपाट करून देतो. आज माझ्याच्यानं एक काप नीट जाईना."

मी पट्टी लावली. उजेडाचा कणसुद्धा आला नाही. काम अप्रतिम होतं. एक बाजू आरशासारखी, दुसऱ्या बाजूला धार. फक्त बाजू माझी होती, डावखुऱ्याची.

मी फोन लावला.

"बाबा, ज्ञानदेवमामा उजव्या हाताने कापतात."

"मग कापावं की डाव्या हातानं," बाबा म्हणाले. "तू न्हाईस का कापत? बरं, थांब. दगड घिऊन येतो."

"येऊ न—"

फोन ठेवलेला होता. मी ऑफिसात गेले. पोपटराव कुणाला काही न विचारता काचेखालचे फोटो काढून बाजूला ठेवत होते.